मत्स्यतेलाची निवड

औषधांच्या दुकानात मत्स्यतेलाच्या बाटल्या आज इतक्या नावांनी मिळतात की, त्यांतील कोणती घ्यावी हे ठरविणे सामान्य ग्राहकाला सोपे राहिलेले नाही. एका बाटलीवर कॉड माशाच्या यकृताचे तेल असे लिहिलेले असते, तर दुसरीवर सामन माशाचे तेल. तिसरीवर ‘१००० मिलिग्रॅम’ हा आकडा ठळकपणे छापलेला असतो, तर चौथीवर ‘तिप्पट शक्ती’ असे शब्द असतात. आतील गोळ्या मात्र बहुधा सारख्याच दिसतात: पिवळसर, पारदर्शक आणि मऊ. त्यामुळे ही सर्व तेले एकाच जातीची असून फरक काय तो किमतीचा आहे, असा समज सहज होतो.

हा समज बरोबर नाही. दिसावयास सारख्या असणाऱ्या दोन गोळ्यांमध्ये उपयुक्त द्रव्याचे प्रमाण दुपटीतिपटीने कमीअधिक असू शकते. एका तेलात विपुल असलेले जीवनसत्त्व दुसऱ्यात जवळजवळ नसते. आणि तेच जीवनसत्त्व गर्भवती स्त्रीच्या बाबतीत मात्रेबाहेर गेल्यास गर्भाला अपाय करू शकते. हृदयविकाराच्या धास्तीने, सांधे दुखतात म्हणून, किंवा मुलांची बुद्धी वाढावी या आशेने अनेक कुटुंबे महिन्यामागून महिने हे तेल विकत घेत असतात. म्हणून निवड करण्यापूर्वी तीन प्रश्न क्रमाने विचारणे इष्ट आहे. हे तेल कशासाठी हवे आहे? त्यात हवे ते द्रव्य नेमके किती आहे? आणि ते तेल ताजे व शुद्ध आहे काय? प्रस्तुत प्रकरणात या तीन प्रश्नांचाच विचार करावयाचा आहे. परंतु त्याआधी ‘मत्स्यतेल’ या एका नावाखाली कोणकोणत्या वस्तू विकल्या जातात, हे पाहिले पाहिजे.

यकृताचे तेल आणि अंगाचे तेल

सर्व मासे आपली चरबी एकाच ठिकाणी साठवीत नाहीत. उत्तर अटलांटिक महासागरातील कॉड माशाचे मांस जवळजवळ चरबीविरहित असते. त्याची बहुतेक चरबी यकृतात साठते. शार्क माशाचीही तीच गोष्ट. याउलट तारली, बांगडा, हेरिंग, अँकोव्ही या माशांची चरबी त्यांच्या मांसात, म्हणजे सर्व अंगभर पसरलेली असते. म्हणून मत्स्यतेलाचे दोन मूलभूत प्रकार पडतात. पहिला यकृताच्या तेलाचा आणि दुसरा अंगाच्या तेलाचा.

यकृताच्या तेलाची ख्याती जीवनसत्त्वांमुळे झाली. युरोपच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळी कॉडचे तेल फार पूर्वीपासून वापरीत असत. परंतु त्याच्या गुणाचे कारण विसाव्या शतकात उलगडले. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांना विशिष्ट आहार देऊन त्यांच्यात मुडदूस निर्माण केला आणि कॉड तेलाने तो टळतो, असे १९१९ च्या सुमारास दाखवून दिले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील एल्मर मॅककोलम व त्यांचे सहकारी यांनी तेल तापवून व त्यातून हवा सोडून त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केले. तरीही त्या तेलाची मुडदूस टाळण्याची शक्ती कायम राहिली. याचा अर्थ त्या तेलात आणखी एक घटक होता. तो घटक म्हणजेच ‘ड’ जीवनसत्त्व होय.

आपल्या देशाचाही या इतिहासाशी संबंध आहे. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर तेथून येणारे कॉड तेल दुर्मिळ झाले. तेव्हा भारतीय किनाऱ्यावर सापडणाऱ्या शार्क माशांच्या यकृतापासून तेल काढण्यास मद्रास, त्रावणकोर व मुंबई येथे सरकारी पातळीवर चालना मिळाली. या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व कॉड तेलाहून कितीतरी अधिक, परंतु ‘ड’ जीवनसत्त्व अल्प असे. महायुद्धानंतर ‘अ’ जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने तयार करता येऊ लागले आणि शार्क तेलाचे महत्त्व ओसरले.

अंगाच्या तेलाची कथा निराळी आहे. मलबार व कानडा किनाऱ्यावर तारलीचे थवेच्या थवे येत. मल्याळी लोक जिला मत्ती म्हणतात आणि तुळू भाषक भूताई म्हणतात, तीच ही तारली. खाऊन व खारवून उरणारा मासा मोठ्या कायलींत उकळून व दाबून त्याचे तेल काढीत. चोथा नारळाच्या व कॉफीच्या बागांना खत म्हणून जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे प्रवर्तक सर फ्रेडरिक निकल्सन यांनी या धंद्याला सुधारित पद्धतीची जोड दिली. त्या काळी हे तेल होड्यांच्या फळ्यांना माखण्यासाठी व कातडी कमावण्यासाठी वापरले जाई. ते पोटात घेण्याजोगे आहे, असे कोणाला वाटले नव्हते. आज गोळ्यांत भरून विकले जाते ते मत्स्यतेल मुख्यतः याच जातीचे असते. मात्र त्याचा सर्वांत मोठा स्रोत पेरू देशाच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही हा मासा आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वांसाठी यकृताचे तेल आणि ओमेगा-३ मेदाम्लांसाठी अंगाचे तेल, असा ढोबळ भेद आहे. कॉड तेलातही ओमेगा-३ मेदाम्ले असतात; परंतु ती हव्या तेवढ्या प्रमाणात मिळावीत म्हणून त्या तेलाची मात्रा वाढविली, तर जीवनसत्त्वांची मात्राही आपोआप वाढते. ही गोष्ट पुढे पुन्हा विचारात घ्यावी लागेल.

ओमेगा-३ म्हणजे काय?

तेल किंवा तूप हे मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असते. प्रत्येक मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची एक साखळी असते. या साखळीत काही ठिकाणी दोन अणूंमधील बंध दुहेरी असतो. साखळीच्या शेपटाकडून मोजले असता पहिला दुहेरी बंध तिसऱ्या कार्बनापाशी आल्यास त्या मेदाम्लाला ओमेगा-३ म्हणतात. सहाव्यापाशी आल्यास ओमेगा-६.

ओमेगा-३ गटातील तीन मेदाम्ले आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले आल्फा-लिनोलेनिक आम्ल. त्याची साखळी १८ कार्बनांची असून ते जवस, मोहरी, अक्रोड व सोयाबीन यांच्या तेलांत आढळते. दुसरे आयकोसापेंटेनॉइक आम्ल, म्हणजे ईपीए. त्यात २० कार्बन व पाच दुहेरी बंध असतात. तिसरे डोकोसाहेक्झेनॉइक आम्ल, म्हणजे डीएचए. त्यात २२ कार्बन व सहा दुहेरी बंध असतात. मेंदू व डोळ्यांतील दृष्टिपटल यांच्या पेशींच्या आवरणांत डीएचए विशेष प्रमाणात असते. ईपीएपासून शरीरात जी संदेशवाहक द्रव्ये तयार होतात, त्यांचा रक्त गोठण्याच्या व दाह निर्माण होण्याच्या क्रियांशी संबंध असतो.

वनस्पतिज ओमेगा-३ पासून ही दोन लांब साखळीची मेदाम्ले मानवी शरीर स्वतः बनवू शकते. परंतु ते फार थोड्या प्रमाणात, आणि डीएचएच्या बाबतीत तर अत्यल्प. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मासे देखील ही मेदाम्ले मुख्यतः स्वतः बनवीत नाहीत. ती समुद्रातील सूक्ष्म शैवाले बनवितात. शैवाले सूक्ष्म जीव खातात, त्या जीवांना लहान मासे खातात आणि लहानांना मोठे मासे खातात. अशा रीतीने शैवालातील हे द्रव्य माशाच्या अंगात साठते.

दुहेरी बंध हे या मेदाम्लांचे वैशिष्ट्य, आणि तेच त्यांचे दुबळे स्थानही होय. या बंधांवर हवेतील प्राणवायूची क्रिया सहज होते आणि तेल खवट बनते. शेंगदाण्याचे तेल जेथे महिनोन् महिने टिकते, तेथे मत्स्यतेल लवकर बिघडते, याचे कारण हेच.

ग्रीनलंडपासून आजपर्यंत

मत्स्यतेल हृदयाला हितकर असते, ही कल्पना कशी रूढ झाली? १९७० च्या सुमारास हान्स ओलाफ बँग व यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश वैद्यक ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तेथील इन्युइट लोकांचा आहार सील व मासे यांचा, म्हणजे चरबीने भरलेला. तरीही त्यांच्या रक्तातील मेदद्रव्यांचे प्रमाण डेन्मार्कमधील लोकांच्या मानाने कमी आढळले. त्यांच्या रक्तात ईपीए विपुल होते. यावरून हे मेदाम्ल हृदयविकारापासून संरक्षण करीत असावे, असा तर्क मांडला गेला. या संशोधकांनी तेथील हृदयविकाराचे प्रमाण स्वतः प्रत्यक्ष मोजलेले नव्हते, हा आक्षेप पुढे घेतला गेला. तोपर्यंत तो तर्क जगभर सिद्धांतासारखा मानला जाऊ लागला होता.

१९९९ मध्ये इटलीतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांवर ही चाचणी घेण्यात आली होती. ज्यांना रोज सुमारे ८५० मिलिग्रॅम ईपीए व डीएचए मिळाले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून कमी आढळले. या यशाने मत्स्यतेलाचा प्रसार झपाट्याने झाला.

तथापि नंतरच्या चाचण्यांनी चित्र बदलले. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष बाहेर आले. ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही रुग्णांना आणि अमेरिकेतील २५,८७१ प्रौढ व वृद्ध स्त्री-पुरुषांना कित्येक वर्षे रोज एक ग्रॅमची गोळी देण्यात आली. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व तज्जन्य मृत्यू यांच्या एकूण प्रमाणात दोन्ही ठिकाणी लक्षणीय घट झाली नाही. इटलीतील चाचणीच्या काळात कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आजच्याइतकी सर्रास दिली जात नव्हती. आता ती दिली जात असल्याने तेलाने अधिक भर घालण्यास फारसा वाव उरत नसावा, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

त्याच वर्षी तिसऱ्या एका चाचणीने उलट निष्कर्ष दिला. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेल्या ८,१७९ रुग्णांना शुद्ध ईपीएपासून बनविलेले औषध रोज चार ग्रॅम देण्यात आले आणि हृदयविकाराच्या घटना सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या. परंतु तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिलेल्या खनिज तेलामुळे त्या गटाची प्रकृती काहीशी बिघडली असावी, अशी शंका व्यक्त झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत ईपीए व डीएचए एकत्र असलेले औषध तेवढ्याच मोठ्या मात्रेत १३,०७८ रुग्णांना देऊनही लाभ दिसला नाही. शिवाय चार ग्रॅमच्या या दोन्ही चाचण्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय अनियमित होण्याचा विकार तेल घेणाऱ्यांमध्ये अधिक आढळला.

या सर्वांतून काय घ्यावयाचे? निरोगी मनुष्याने केवळ हृदयविकार टाळण्यासाठी रोज एक गोळी घेतल्याने मोठा लाभ होतो, असा पुरावा आज नाही. मोठी मात्रा हे औषध आहे. त्याचे गुण आहेत तसे दोषही आहेत.

गरज कोणाला?

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रौढ व्यक्तीसाठी ईपीए व डीएचए मिळून दिवसाला किमान २५० मिलिग्रॅम, तर गर्भवती व स्तनदा मातांसाठी ३०० मिलिग्रॅम, त्यापैकी निदान २०० मिलिग्रॅम डीएचए, असे प्रमाण सुचविले. हा आकडा समोर ठेवून प्रत्येकाने आपला आहार तपासावा.

जे आठवड्यातून दोनदा तारली, बांगडा किंवा हिलसा यांसारखे चरबीयुक्त मासे खातात, त्यांना बाटलीची सहसा गरज नाही. चरबीच्या हंगामातील १०० ग्रॅम तारलीतून सुमारे एक ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक ईपीए व डीएचए मिळू शकते. म्हणजे आठवड्यातून दोन वेळा असा मासा खाल्ल्यास वरील दैनंदिन प्रमाण भरून निघते, आणि त्यासोबत प्रथिने व कॅल्शियमही मिळते.

ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आहेत, त्यांच्यावर मोठ्या मात्रेचा, म्हणजे दिवसाला तीन-चार ग्रॅम ईपीए व डीएचएचा निश्चित परिणाम होतो. परंतु हा उपचार वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवा. संधिवाताच्या रूमॅटॉइड प्रकारातही मोठ्या मात्रेने वेदना व सकाळचा ताठरपणा काहीसा कमी होतो. दिवसाला एखादी साधी गोळी घेऊन मात्र या दोहोंपैकी कोणताही परिणाम साधणे कठीण.

गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत २०१८ मधील एका व्यापक आढाव्यात ओमेगा-३ मुळे अकाली प्रसूतीचे प्रमाण घटते असे दिसले. २०१९ मधील ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत मात्र तसा स्पष्ट फरक आढळला नाही. मासे न खाणाऱ्या मातेने याबाबत आपल्या वैद्यांना विचारावे. एक गोष्ट मात्र निःसंदिग्ध आहे: या काळात स्वतःच्या मनाने यकृताचे तेल घेऊ नये. ‘अ’ जीवनसत्त्वाची दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. कॉड तेलाच्या एका चहाच्या चमच्यात एक हजार मायक्रोग्रॅमहून अधिक ‘अ’ जीवनसत्त्व असू शकते. त्यात जीवनसत्त्वांच्या अन्य गोळ्यांची भर पडल्यास मर्यादा ओलांडण्यास वेळ लागत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव असेल, तर त्यासाठी त्याच जीवनसत्त्वाच्या स्वतंत्र गोळ्या उपलब्ध आहेत.

वेष्टन कसे वाचावे?

बाटलीच्या दर्शनी भागावरील ‘१००० मिलिग्रॅम’ हा आकडा बहुधा तेलाच्या एकूण वजनाचा असतो. आपल्याला हवी असलेली मेदाम्ले त्याचा केवळ एक भाग असतात. न घट्टविलेल्या साध्या मत्स्यतेलात सुमारे १८ टक्के ईपीए व १२ टक्के डीएचए असते. म्हणजे १००० मिलिग्रॅमच्या गोळीत १८० अधिक १२०, मिळून ३०० मिलिग्रॅमच उपयुक्त द्रव्य येते. ‘दुप्पट’ किंवा ‘तिप्पट शक्ती’ची तेले प्रक्रिया करून घट्टविलेली असतात व त्यांच्यात हे प्रमाण बरेच अधिक असते. म्हणून बाटली फिरवून मागील बाजूचा तक्ता पाहावा, ईपीए व डीएचए यांचे आकडे शोधावेत आणि त्यांची बेरीज करावी. हे दोन आकडे स्वतंत्रपणे दिलेले नसतील, तर ती बाटली परत ठेवावी. तक्त्यातील आकडा एका गोळीसाठी आहे की दोन गोळ्यांच्या मात्रेसाठी, हेही पाहावे. पुष्कळांची फसगत येथेच होते.

किंमतही याच बेरजेवरून ठरवावी. समजा, पहिली बाटली ६०० रुपयांची असून तिच्यात ६० गोळ्या आहेत व प्रत्येकीत ३०० मिलिग्रॅम ईपीए व डीएचए आहे. एकूण १८,००० मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमला सुमारे ३३ रुपये पडले. दुसरी बाटली ९०० रुपयांची, गोळ्या तेवढ्याच, परंतु प्रत्येकीत ६०० मिलिग्रॅम. एकूण ३६,००० मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमला २५ रुपये. महाग दिसणारी बाटली प्रत्यक्षात स्वस्त ठरली.

काही बाटल्यांवर ‘ओमेगा ३-६-९’ असे लिहिलेले असते. ओमेगा-६ व ओमेगा-९ मेदाम्ले आपल्या रोजच्या खाद्यतेलांत भरपूर असतात. ती गोळीतून विकत घेण्याचे प्रयोजन नाही. सामन या नावानेही किंमत वाढते. परंतु मेदाम्ल तारलीचे असो वा सामनचे, ते एकच असते. आपल्याकडील रावस इंग्रजीत ‘भारतीय सामन’ म्हणून ओळखला जातो, तो मात्र सर्वस्वी वेगळ्या कुळातील मासा आहे.

काही वेष्टनांवर तेलाचे रासायनिक रूपही दिलेले असते. माशात ही मेदाम्ले ट्रायग्लिसराइडच्या रूपात असतात. तेल घट्टविताना ती प्रथम इथाइल एस्टरच्या रूपात आणतात. काही उत्पादक पुढे त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड करतात, काही तसेच विकतात. इथाइल एस्टर उपाशीपोटी कमी शोषले जाते. स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घेतल्यास हा फरक पुष्कळसा कमी होतो. म्हणून रूप कोणतेही असो, गोळी मुख्य जेवणाबरोबर घेणे हे उत्तम. त्यामुळे मासळीचे ढेकर येण्याचा त्रासही कमी होतो.

ताजेपणा आणि शुद्धता

तेल किती बिघडले आहे, हे दोन रासायनिक कसोट्यांवरून मोजतात. पहिली पेरॉक्साइड मूल्याची. ती बिघाडाची सुरुवात दाखविते. दुसरी ॲनिसिडीन मूल्याची. ती पुढच्या अवस्थेतील द्रव्ये दाखविते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या मानकानुसार पहिले मूल्य ५ पेक्षा व दुसरे २० पेक्षा अधिक नसावे. पहिल्याची दुप्पट व दुसरे यांची बेरीज २६ च्या आत असावी. काही उत्पादक प्रत्येक घाण्याचा असा तपासणी-अहवाल मागितल्यास देतात. अहवाल देणाऱ्याला अर्थातच प्राधान्य द्यावे.

सामान्य ग्राहकाच्या हाती मात्र नाक हे साधन आहे. नवी बाटली उघडल्यावर एक गोळी कापून वास घ्यावा व थेंबभर चव पाहावी. ताज्या तेलाला समुद्राचा सौम्य वास असतो. जुन्या रंगासारखा उग्र दर्प किंवा घशाशी येणारी कडवट चव हे खवटपणाचे लक्षण होय. लिंबाचा वा संत्र्याचा सुवास घातलेल्या तेलात ही परीक्षा फसू शकते. आपल्या देशातील उन्हाळ्याचा विचार करता मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेणे शहाणपणाचे नाही. दोन महिन्यांत संपेल एवढीच घ्यावी. उत्पादनाची तारीख शक्य तितकी अलीकडची असावी. ती उन्हात मांडलेल्या फळीवरून घेऊ नये, आणि घरी थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी.

माशांतील पाऱ्याची अनेकांना भीती वाटते. पारा माशाच्या प्रथिनांना चिकटून राहत असल्याने शुद्ध केलेल्या तेलात तो अत्यल्प असतो. पीसीबी व डायॉक्सिन ही औद्योगिक प्रदूषके मात्र चरबीत विरघळतात. ती काढून टाकण्यासाठी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातनाची क्रिया केली जाते. लहान व अल्पायुषी माशांत ती मुळातच कमी साठतात.

भारतात अशी उत्पादने अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांखाली येतात. वेष्टनावर प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो, आणि हे उत्पादन औषधी उपयोगासाठी नाही, अशी सूचनाही असावी लागते. ही सूचना अनेकजण वाचीत नाहीत. जी बाटली स्वतःच आपण औषध नाही असे सांगते, तिच्या भरवशावर रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे बंद करणे धोक्याचे आहे.

शाकाहारी व्यक्तींसाठी

ही मेदाम्ले मुळात शैवालांत तयार होत असल्याने मासा वगळून ती थेट शैवालापासून मिळविता येतात. टाक्यांत वाढविलेल्या सूक्ष्म जीवांपासून काढलेले असे तेल आता उपलब्ध आहे. त्यात डीएचए मुख्य असते. काहींत ईपीएही असते. मात्र तेल शैवालाचे असले, तरी गोळीचे आवरण जनावरांच्या जिलेटिनचे असू शकते. यासाठी वेष्टनावरील हिरवी खूण पाहावी. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग आल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. विदर्भातील जवसाची चटणी किंवा बंगालातील मोहरीचे तेल यांचे आहारातील स्थान या दृष्टीने मोलाचे आहे. पण त्यापासून शरीरात डीएचए फारच थोडे बनते, हे पूर्वी आलेच आहे. तेव्हा जवस ही उत्तम खाद्यवस्तू होय. मात्र जेथे डीएचएचीच गरज आहे, तेथे ती शैवाल-तेलाची जागा घेऊ शकत नाही.

सावधगिरी आणि समारोप

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी, हृदयाची लय अनियमित असणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया होऊ घातलेल्या रुग्णांनी आणि माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून मत्स्यतेल सुरू करू नये. वैद्यांकडे जाताना बाटली बरोबर न्यावी. ‘मी मत्स्यतेल घेतो’ एवढे सांगणे अपुरे असते. यकृताचे की अंगाचे, आणि ईपीए व डीएचए किती, हे कळल्याशिवाय त्यांनाही सल्ला देता येत नाही.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा. प्रथम गरज निश्चित करावी. गरज असल्यास अंगाचे किंवा शैवालाचे तेल घ्यावे. मागील तक्त्यातील ईपीए व डीएचए यांची बेरीज करून त्यावर किंमत ताडून पाहावी. तारीख, परवाना व वास तपासावा, लहान बाटली घ्यावी आणि गोळी जेवणाबरोबर घ्यावी. ज्यांच्या घरी मासे शिजतात, त्यांनी मात्र दुकानाआधी बाजाराची वाट धरावी. २०१२ नंतर केरळच्या किनाऱ्यावर तारलीची आवक मोठ्या प्रमाणात घटली आणि ती वर्षागणिक कमीअधिक होत असते; तरीही चांगल्या हंगामात तारली व बांगडा हे आपल्या किनाऱ्यावरील स्वस्त माशांपैकीच असतात. पापलेट व सुरमई यांच्या तुलनेत त्यांना गरिबांचे मासे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. बाटलीतील तेलासाठी आपण जे मोल देतो, ते पाहता या माशांचा मान वाढावयास हरकत नाही.